ह्यांना दोन तांबे

वैशाख. वितळत्या, पांढऱ्या, पोळणाऱ्या उजेडाचा वैशाख. माळावरून निघालेला वारा वाटेतली धूळ अंगाला माखून घेतो, शेवग्याच्या वाळल्या शेंगा खुळखुळवतो, कुंपणाच्या तारेवर पाठ घासतो आणि विट्याच्या शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या घराच्या मागल्या दाराशी येऊन उभा राहतो. दार लावलेलं असतं. वारा क्षणभर थांबतो आणि शेजारच्या परड्यात निघून जातो.

त्या दाराच्या आत, गजांच्या खिडकीशी, खुर्ची टाकून रंगनाथ तारळेकर बसलेले असतात. वय वर्षं शहात्तर. मोजणी खात्यातून निवृत्त. छत्तीस वर्षं त्यांनी साखळी ओढली, खुणेचे दगड रोवले, भांडणाऱ्या भावांना बांध घालून दिले. कुठल्या शिवारात कुणाची हद्द कुठं संपते, हे ते डोळे मिटून सांगत. घरामागचं स्वतःचं परडं मात्र त्यांना ठाऊक होतं ते नुसतं आकड्यांत: लांबी साठ फूट, रुंदी चाळीस. त्यापुढं ते राज्य बायकोचं, शालनचं होतं, आणि दुसऱ्याच्या हद्दीत ते कधी शिरले नाहीत.

शालन माघात गेली. तापाचं निमित्त झालं, तीन आठवडे अंथरुणात पडून होती, आणि एका उबदार सकाळी, दयाळाची शीळ संपता संपता, तिचा श्वासही संपला. लेक नागपूरहून आली, चौदा दिवस राहिली, डबे लावून गेली, आणि आता दर रविवारी फोन करते. जेवलात का, असं विचारते. हे म्हणतात, जेवलो. मग दोघांनाही पुढचं सुचत नाही.

काय नव्हतं शालनच्या त्या परड्यात! लाललाल जास्वंद होती, केशरी अबोली होती, पिवळी कर्दळ होती. आळ्याआळ्यांतून ओलावा होता, ओलाव्यावर सावली होती आणि सावलीत सदैव कुणीतरी कुजबुजत होतं. आणि या हिरव्या गोतावळ्यात झाडांना झाडांची नावं नव्हती.

ती त्या गल्लीतल्या बायकांची रीत होती. ज्यानं रोप दिलं, त्याचं नाव रोपाला. मग ते रोपटं राहो, वेल होवो, वृक्ष होवो, नाव देणाऱ्याचं. म्हणून लाल जास्वंद ती सुला. सुताराची सुला लग्न होऊन कऱ्हाडला गेली त्याला तीस वर्षं झाली, पण तिची जास्वंद इथंच नांदत होती. अबोली ती मुमताजभाभी. कर्दळ ती हौसा, कुंपणापलीकडची. कढीपत्ता म्हणजे पोस्टमास्तर. लिंबू म्हणजे चित्रकलेचे मास्तर, आणि शालनच्या मते त्यांचा स्वभावही तोच. पोस्टमास्तरांना कीड लागली हो, असं ती भाकरी थापता थापता सांगे, आणि रंगनाथ पेपरातून मान वर न काढता म्हणत, डॉक्टरला दाखवा म्हणावं.

शिवाय बिनभाड्याची बिऱ्हाडं होतीच. तारेवर शीळ घालणारा काळापांढरा दयाळ. पानाला पान शिवणारा मूठभर शिंपी. डोणीवर पाण्यासाठी भांडणाऱ्या साळुंक्या. दोरीवरच्या लुगड्याचे धागे पळवणारी खार. रक्तनेत्र, ताम्रपंख, भारदस्त भारद्वाज. आणि टळटळीत दुपारी परडं आडवं ओलांडणारं एक मुंगूस. ते दिसलं की शालन हातातलं काम टाकी आणि लहान पोरं घालतात तशी त्याला रामाची शपथ घाली, तोंड दाखव म्हणून. सत्तरीच्या बाईची शपथ मानून मुंगूस कुंपणाशी थांबे, मान वळवी, तोंड दाखवी आणि मगच जाई. रंगनाथ खिडकीतून पाहत. बायको आपल्यापेक्षा मुंगसाशी जास्त बोलते, हे त्यांच्या ध्यानात आलेलं होतं. त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं.

कारण गोड बोलणं दोघांच्याही घराण्यात नव्हतं. एक्कावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी एकमेकांचं नाव घेतलं ते एकदाच, लग्नाच्या पंगतीत, उखाण्यात. तेही लोकांनी अडवून धरलं म्हणून. त्यानंतर ती 'अगं' आणि ते 'अहो'. लोकांशी बोलताना ते नुसते 'हे'. ह्यांना ताक आवडत नाही. ह्यांचा चष्मा कुठं गेला. हे आत्ताच झोपलेत. एवढ्याशा एका अक्षरात तिनं अख्खा नवरा सामावून घेतला होता, आणि नवऱ्यालाही त्यात कधी अडचण झाली नव्हती.

लेक नागपूरला परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागल्या दाराची कडी वाजली. दारात हौसाक्का उभी. शालनपेक्षा चार वर्षांनी मोठी, कपाळ रिकामं, हिरव्या नऊवारीचा काष्टा खोचलेला, आणि हातात तांब्याचा घासून लखलखीत केलेला तांब्या. तिच्या परड्यातल्या आडाचं पाणी. पाणी प्या आण्णा, म्हणाली. रंगनाथांनी घरात पाणी आहे असं सांगून पाहिलं. ती ढिम्म हलली नाही. शेवटी त्यांनी अर्धा तांब्या पिऊन परत दिला, तर तिनं तो परत त्यांच्याच हातात दिला. सगळा संपवल्यावर ती गेली, आणि दिवस कलायला आला तसा दुसरा तांब्या घेऊन परत आली.

असं आठवडाभर चाललं. सकाळी एक, दिवस कलताना एक. जन्मभर कुणाशी हुज्जत न घातलेल्या माणसाला एका म्हातारीनं पाण्यानं जेरीला आणलं. आठव्या दिवशी त्यांनी विचारलंच, की हा काय प्रकार आहे.

हौसाक्का उंबऱ्यावर टेकली. "शालननं सांगितलंय. शेवटाला मी पाय चेपत बसले हुते, तवा म्हणाली, हौसाक्का, ह्यांना रोज दोन तांबं पाणी हातानं द्या. सकाळी एक, दिस कलताना एक. मागायचे न्हाईत ते. वाळून जातील, पर मागायचे न्हाईत."

तुमचा मुतखडा तिला ठावा हुता न्हवं का, असं वर पुस्ती जोडून ती निघून गेली.

रंगनाथ उभेच राहिले. हातात रिकामा तांब्या, तांब्यावर ओलसर गारवा, गारव्यावर स्वतःच्याच बोटांचे ठसे. एक्कावन्न वर्षांत जे तिनं कधी तोंडावर म्हटलं नाही, ते शेवटच्या दिवसांत शेजारणीला सांगून गेली. मागायचे नाहीत ते. कुणीतरी आपल्याला इतकं ओळखत होतं, आणि ते आपल्याला आत्ता कळतंय, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले.

त्या दिवसापासून तांब्याची वाट पाहिली जाऊ लागली. सकाळचा तांब्या झाला की दुपार, दुपार सरली की दुसरा तांब्या, आणि दोहोंच्या मधे ती लांबलचक, निःशब्द, निर्मनुष्य घटका-पळं. हौसाक्का फार बोलत नसे. आपल्या परड्यात उभी राहून ती कुंपणावरून पाइपानं शालनच्या झाडांनाही पाणी मारी, आणि मग तांब्या घेऊन येई. तेवढीच दोन वेळा त्या घरात माणसाची चाहूल लागे. रंगनाथ आडाचं ते गार, किंचित मचूळ पाणी सावकाश पीत. पिताना त्यांना वाटे, हे शालननंच पाठवलंय.

माघ गेला, फाल्गुन गेला, चैत्र गेला. माळ करपला, आकाश पांढरं पडलं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर मात्र फेब्रुवारीतच थांबलेलं होतं. त्याची पानं उलटायचं काम शालनचं होतं.

वैशाखातल्या एका सकाळी रंगनाथांनी ते उलटायला खिळ्यावरून काढलं. चष्मा लावला. चौकोनाचौकोनांत, शिसपेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरांत शालननं काहीबाही लिहिलेलं होतं. सुलाला सात कळ्या. मुमताजभाभीला ऊन लागतंय. हौसाच्या पानांवर मावा. मास्तरांना पहिलं लिंबू. ते हसले. किती दिवसांनी हसले! आणि हसता हसता पुढच्या चौकोनावर अडखळले.

'ह्यांना शेणखत घातलं.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग खाली पाहिलं. 'ह्यांच्या बुंध्याला मुंग्या.' त्याखाली, 'ह्यांची वाळकी फांदी काढली. दुखलं असेल.' जानेवारीत मागं गेले तर तिथं होतं, 'थंडीनं हे गारठलेत, पोतं गुंडाळलं.' आणि संक्रांतीच्या चौकोनात, तिळगुळासारखं बारीक, 'ह्यांना यंदाही फूल नाही. असू दे.'

आपल्याला कुणी शेणखत घातल्याचं रंगनाथांना आठवत नव्हतं. बुंध्याला मुंग्या लागणारे ते नव्हतेच.

फेब्रुवारीतली नंतरची अक्षरं वाकडीतिकडी, अंथरुणावरून उठून लिहिलेली. शेवटच्या चौकोनात एवढंच होतं: 'न्हाणीमागं पाइप पोचत नाही. ह्यांना पाणी कोण देणार? हौसाक्काला सांगायचं.'

कॅलेंडर हातात तसंच राहिलं. मोजणीदाराचं डोकं ते. एकदा खूण सापडली की पुढची हद्द आपोआप निघत जाते. ज्यानं दिलं त्याचं नाव. परड्यात एक झाड 'ह्यांचं' होतं. शेवटचं मागणं त्या झाडासाठी होतं. आणि दोन-अडीच महिने दोन्ही वेळा जे पाणी ते पीत होते, डोळे भरून येऊन पीत होते, ते त्यांचं नव्हतंच.

त्या क्षणी त्यांना वाटलं ते सांगायलाही लाज वाटावी असं होतं. त्यांना एका झाडाचा हेवा वाटला.

पण आपण दिलं ते कुठलं झाड? कधी दिलं? शालनला त्यांनी कधी गजरा आणला नव्हता, साडी तिची तीच आणे. आठवता आठवता नोकरीचं शेवटचं वर्ष आठवलं. कोयनेच्या अंगाला एक मोजणी होती. पावसाळी हिरवा डोंगर, पायाखाली लाल माती, आणि वीस वर्षांचा बांधाचा तंटा मिटला म्हणून एका म्हातारीनं ओल्या गोणपाटात गुंडाळून हातात दिलेलं सोनचाफ्याचं वीतभर रोप. एस.टी.तून मांडीवर धरून त्यांनी ते आणलं. दारात शालन उभी. त्यांनी रोप पुढं केलं आणि म्हणाले, "हे घे."

कशाचं आहे, असं तिनं विचारलं होतं. पण तोवर ते पाय धुवायला गेले होते, आणि नंतर रेडिओवर बातम्या लागल्या.

अठरा वर्षांपूर्वीचं ते. त्यांनी मागल्या दाराची कडी काढली.

न्हाणीमागचा तो कोपरा. खाली मुरूम, मुरुमाखाली खडक. तिथं मुळं उतरणार तरी कुठं? लाल मातीचं लेकरू या पांढऱ्या माळावर अठरा वर्षं निव्वळ हातच्या पाण्यावर जगलेलं. उंची जेमतेम माणसाच्या खांद्याएवढी. पोत्याचा तुकडा अजून बुंध्याला बांधलेला, सुंभाची गाठ शालनची. आणि वर? वर काड्या. नग्न, निष्पर्ण, राखी काड्या. खाली वाळल्या पानांचा सडा, पायाखाली करकरणारा. रंगनाथ झाडापुढं उभे राहिले आणि कितीतरी वेळ दोघे 'हे' एकमेकांकडं बघत राहिले.

मग काहीतरी हललं. सगळ्यात खालच्या फुटव्यावर दोनच पानं शिल्लक होती. त्या दोन पानांच्या कडा एकमेकींना शिवलेल्या होत्या, गुलाबी धाग्यानं. शालनच्या गोधडीतला धागा, त्यांनी ओळखला. त्या हिरव्या झोळीतून सुईएवढी एक चोच वर आली, मग दुसरी, मग तिसरी. शिंपिणीची पिल्लं. आणि झोळीच्या देठाशी पिवळी कड चढू लागलेली. देठ सुटला की पान गळणार, पान गळलं की घर गळणार.

रंगनाथ जवळजवळ धावले. न्हाणीतली बादली भरली, दोन्ही हातांनी उचलली, निम्मी धोतरावर सांडली, निम्मी बुंध्याशी ओतली. तहानलेल्या मुरुमानं ती आवाज करत पिऊन टाकली. मग दुसरी. मग खुरप्यानं आळं केलं, आळ्याभोवती दगड मांडले, दगडांवर पोतं पसरलं. शिंपीण कर्दळीवरून चिवचिवाट करत त्यांना यथेच्छ शिव्या देत होती. त्यांनी त्या ऐकून घेतल्या.

दिवस कलताना हौसाक्का तांब्या घेऊन आली. आता सांगायला हवं होतं. सांगायला तोंड उघडलंही. पण मग सगळं सांगावं लागलं असतं. मग हा तांब्या न्हाणीमागं गेला असता, मागल्या दाराची कडी वाजली नसती, आणि त्या घरात दिवसभरात कुणीच आलं नसतं. रंगनाथांनी मुकाट्यानं तांब्या घेतला आणि ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या जमिनीत वीतभर अतिक्रमण होऊ दिलं नाही, तो आता एका झाडाच्या हक्काचं पाणी चोरून पीत होता.

नऊ दिवस ही चोरी चालली. स्वतःच्या बादल्या झाडाला, आणि झाडाचा तांब्या स्वतःला. नऊ दिवस ते मोडा टाकून न्हाणीच्या सावलीत पिवळ्या कडेवर नजर ठेवून बसत. कड पुढं सरकली नाही. मागंही गेली नाही. चोची मोठ्या झाल्या, झोळी जड झाली, गुलाबी टाके ताणले गेले. एक दिवस मुंगूस आलं आणि दोन हातांवर थबकलं. शालन म्हणे ती शपथ रंगनाथांच्या ओठांवर आली, पण शहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा मुंगसाशी बोलायचं त्यांना जमेना. ते नुसतं खाकरले. मुंगूस तोंड न दाखवता निघून गेलं.

दहाव्या दिवशी सकाळी तिन्ही पिल्लं उडाली. एक कुंपणाच्या तारेवर, एक सुलावर, आणि तिसरं, धांदरट, थेट रंगनाथांच्या गुडघ्यावर. शेवग्याच्या शेंगेतलं बी जेवढं, तेवढंच त्याचं वजन. क्षणभर बसलं, थरथरलं आणि गेलं. त्यांनी वळून पाहिलं तर काडीच्या टोकाशी, जिथं काल काही नव्हतं, तिथं एक तांबूस टोक फुटलेलं. सुईच्या अग्राएवढं, पण ओलं, जिवंत.

रंगनाथांच्या छातीत इतका आनंद दाटला की तो सांगायला माणूस हवं झालं. त्यांनी सवयीनं घराकडं तोंड केलं. अगं, म्हणाले. स्वयंपाकघराची खिडकी रिकामी होती.

तेवढ्यात कडी वाजली.

हौसाक्काला त्यांनी हाताला धरूनच न्हाणीमागं नेलं. पिल्लं सांगितली, फुटवा दाखवला, मग आत जाऊन कॅलेंडर आणलं आणि सगळं वाचून दाखवलं. शेणखत, मुंग्या, पोतं, शेवटचा चौकोन. नऊ दिवस गप्प राहिलो हेही सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी मान खाली घातली आणि तांब्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

हौसाक्का धुण्याच्या दगडावर बसली. झाडाकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं, परत झाडाकडं.

"म्हंजे मी अडीच म्हयनं चुकीच्या झाडाला पाणी घातलं म्हणायचं," ती म्हणाली.

आणि पदर तोंडाला लावून ती हसू लागली. हसता हसता केव्हा रडू लागली ते तिलाही कळलं नसावं. तांब्या तिनं उचलला, बुंध्याशी रिता केला आणि आपल्या परड्यात निघून गेली. रंगनाथांनी मागलं दार लावून घेतलं. त्या दिवशीची दुपार फार मोठी होती.

दिवस कलला. ऊन भिंतीवरून उतरलं, आडावरचं कप्पीचं चाक किरकिरलं, आणि कडी वाजली. हौसाक्काच्या दोन्ही हातांत दोन तांबे होते.

"तिनं कुणाला म्हटलं ते तिचं तिला ठावं," हौसाक्का म्हणाली. "दोघंबी तसलेच. मागायचे न्हाईत, आन् वाळून जातील. एक त्याला, एक तुमाला."

एक तांब्या तिनं चाफ्याला घातला. दुसरा रंगनाथांच्या हातात दिला आणि नेहमीसारखी उभी राहिली. पण त्यांनी तो तोंडाला लावला नाही. कैक दिवस मनात घोळत होतं ते त्यांनी विचारलं. म्हणाले, सगळं परडं पालथं घातलं मी. सुला आहे, मुमताजभाभी आहे, पोस्टमास्तर आहेत, तुम्ही आहात. मीसुद्धा आहे. ती कुठं आहे? इतक्या झाडांत तिचं एकही नाही.

हौसाक्कानं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू मोजणीदाराला साधी हद्द कळू नये याचं तिला नवल वाटावं.

"ती हितं कशी आसंल, आण्णा? ज्यानं दिलं त्याचं नाव. स्वतःला स्वतः कोण रोप देतंय? ती आमच्याकडं हाय. माझ्या आडावरची जाई तिनं दिलेली. गल्लीत सात परड्यांत हाय शालन."

तेव्हा, त्या संध्याकाळी, रंगनाथ तारळेकर तांब्या हातात घेऊन कुंपणाशी गेले आणि पहिल्यांदाच कान देऊन ऐकत उभे राहिले. पाणी घालायची वेळ होती. परड्यापरड्यांतून बादल्या वाजत होत्या, आळी भरत होती, तापल्या मातीचा वास उठत होता. कुणी सून सासूला विचारत होती, शालनकाकूंना पाणी झालं का. पलीकडून कुणी म्हणत होतं, शालनमावशीला कळ्या बघ किती. मशिदीमागच्या परड्यात मुमताजभाभीचा थकला आवाज शालनला आधाराची काठी लावायला सांगत होता. एक्कावन्न वर्षं ज्या नावाला त्यांनी ओठ लावला नव्हता, ते नाव रोज संध्याकाळी, सात कुंपणांवरून, असं सहज, असं ओलं, हाकारलं जात होतं. आणि ते आत, दार लावून, बातम्या ऐकत बसत होते.

जाईची एक फांदी द्या, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. इथं लावतो, दारापुढं, तिच्या जागी.

हौसाक्कानं मान हलवली. देते की, म्हणाली, पण मी दिली तर ती हौसा हुईल. रीत तशी होती. शालन तिच्या स्वतःच्या परड्यात आता कधीच येणार नव्हती. रंगनाथांना ते कळलं. बांध घालून दिल्यावर लोक ज्या तोंडानं घरी जात, तसं त्यांचं तोंड झालं.

तारेपलीकडं, हातभर अंतरावर, आडाच्या ओल्या कठड्याला बिलगून जाई उभी होती. हिरवी, हलकी, हेलकावणारी. अंधुक होत चाललेल्या उजेडात तिच्या कळ्या एकेक करून उमलायला लागल्या होत्या. मागं न्हाणीच्या कोपऱ्यात चाफा आपलं पाणी पीत होता. दयाळ तारेवर येऊन बसला आणि गप्प राहिला.

रंगनाथ अर्धा तांब्या प्यायले. उरलेला अर्धा घेऊन त्यांनी हात कुंपणावरून पलीकडं नेला. दुसऱ्याच्या हद्दीत, जन्मात पहिल्यांदा, न विचारता. तांब्या हळूच कलता केला. पाणी जाईच्या मुळाशी पडू लागलं.

"शालन," ते म्हणाले.

आवाज घोगरा होता, नाव अनोळखी होतं, आणि त्यापुढं काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मग ठाऊक होतं तेवढंच ते म्हणाले.

"हे घे."